साडेनऊ किलोंचं पुष्पक

खऱ्या पुष्पक विमानाचं पूर्ण भारासह वजन ६१२ किलो आणि पंखांचा विस्तार १०.९७ मीटर. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बांधलेलं हे दोन आसनी, उंच पंखांचं, कापड चढवलेलं शिकाऊ विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं. त्यामागचे डॉ. विष्णू माधव घाटगे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. गॉटिंगनला लुडविग प्राण्टल यांच्या हाताखाली शिकून ते परतले. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हेही त्यांचंच. दीडशेच्या वर पुष्पकं तयार झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. त्यांतल्या काहींचं तेलपाणी आमच्या काकांनी केलेलं आहे; एका क्लबात ते बरीच वर्षं मेकॅनिक होते.

काकांच्या एका स्नेह्याने याच पुष्पकाचं चौथ्या हिश्श्याचं, रेडिओवर उडवायचं मॉडेल बांधायला घेतलं आणि अर्ध्यावर टाकून तो मुलाकडे परदेशी गेला. सांगाडा आमच्या माडीवर आला. दोन्ही पंखांचे स्पार (लांब तुळया) आणि रिब (आडव्या बरगड्या) जागेवर, फ्युजलाज म्हणजे धड उभं, शेपटी तयार. कापड, इंजिन, चाकं यांचा पत्ता नाही. दिवाळीला ताई घरी आली. ती पुण्यात ड्रोन बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मग काका आणि ताई यांचं जे काही सुरू झालं, त्यातला कामाचा भाग खाली दिला आहे. फराळाची ताटं कुणी आणि कितीदा गार केली, ते गाळलं आहे. माझं काम वजन करून आकडा ओरडून सांगणं एवढंच होतं.

काकांनी भिंतीवर खडूने आधीच लिहून ठेवलं होतं : ९.५. तो आकडा कुठून आला हे कळलं की पुढचं भांडण कळेल. लांबी चौथा हिस्सा केली की क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतं आणि घनफळ चौसष्टावा. ६१२ भागिले ६४ म्हणजे साडेनऊ किलोंच्या जरासं वर. खऱ्या पंखांचं क्षेत्रफळ सव्वासोळा चौरस मीटर, म्हणून मॉडेलचं जेमतेम एक चौरस मीटर. जितके किलो वजन, तितकाच दर चौरस मीटरवरचा भार.

ताई : काका, ते साडेनऊ आधी पुसा. मी बेरीज मांडली आहे. नुसता सांगाडा ४ किलो २०० भरतो. ५५ सीसीचं पेट्रोल इंजिन, त्याचा मफलर, इग्निशन, माउंट, प्रोपेलर मिळून २ किलो ४००. भरलेली टाकी साडेपाचशे ग्रॅम. चाकं आणि लँडिंग गिअर एक किलो. सर्व्हो, बॅटऱ्या, वायरी साडेनऊशे. पंखांना खालून आधार देणारे तिरपे स्ट्रट पाचशे. कापड आणि रंग नऊशे. काउल, काचा, डॅशबोर्ड, बाहुला पायलट पाचशे. झाले अकरा.

काका : म्हणजे दीड किलो जास्त.

ताई : जास्त कशाला? अकरा तर अकरा. ५५ सीसी इंजिन चौदा किलोसुद्धा हसत ओढेल. नियमांतही बसतं, छंदासाठीच्या मॉडेलला २५ किलोंपर्यंत मुभा आहे.

काका : ओढेल की. वर नेईल. खाली कोण आणणार?

ताई : पंख. बघा, पुरेसा कोन घेतल्यावर हे साडेनऊ किलोंचं विमान ताशी साधारण ४२ किलोमीटरला उचल सोडेल. अकरा किलोंचं ४५ ला. वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. तीन किलोमीटरसाठी तुम्ही अख्खा हिवाळा घालवणार?

काका : तू वेग मोजलास. चाकाला आणि पंखाच्या मुळाला वेग कुठला कळतोय, त्यांना धक्का कळतो. वेगाचा वर्ग वजनाबरोबर वाढला, बरोबर? आता त्याला पुन्हा वजनाने गुण.

ताईने कागद ओढला. धक्क्यातली ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि उतरण्याच्या वेगाचा वर्ग स्वतःच वजनाच्या प्रमाणात. म्हणजे ऊर्जा वजनाच्या वर्गाने वाढणार. अकराला साडेनऊने भागलं की १.१६, त्याचा वर्ग १.३४. जमिनीवर टेकताना जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त.

ताई : ठीक आहे. मग लँडिंग गिअर जाड करू.

काका : त्याचं वजन कोण देणार? तेच तर होतं. गिअर जाड केला की तो जिथे बसतो तो प्लाय जाड, प्लाय जाड झाला की त्यामागचं फ्युजलाज जाड. आणि दिसायचं काय? चौथ्या हिश्श्याचं विमान खऱ्याच्या निम्म्या वेगाने गेलं तर डोळ्यांना खरं वाटतं, आणि निम्मा वेग साधतो तो वजन चौसष्टावा हिस्सा असलं तरच. नाहीतर माळावर पुष्पक नाही, जेट उतरल्यासारखं दिसेल.

हा मुद्दा ताईला पटायला वेळ लागला नाही. ड्रोनवाल्यांना सुंदर उडण्याशी देणंघेणं नसतं, हे तिचंच मत आहे. पण हे विमान ड्रोन नाही एवढं तिने मान्य केलं. खरी अडचण पुढे आली. काकांनी टेबलावर नवी पाती, गोल करवत आणि पुठ्ठ्याचा एक साचा मांडला. प्रत्येक रिबमध्ये तीन भोकं पाडायचा त्यांचा बेत होता.

ताई : थांबा. एक रिब किती ग्रॅमची आहे?

मी सुटी पडलेली एक रिब काट्यावर ठेवली. पाच ग्रॅम.

ताई : तीन मिलिमीटरचा बाल्सा. भोकं पाडून फार तर दीड ग्रॅम जाईल. तीस रिब आहेत. पंचेचाळीस ग्रॅम! दीड किलो कमी करायला निघालात आणि पंचेचाळीस ग्रॅमसाठी नव्वद भोकं पाडणार?

काका : थेंबे थेंबे तळं साचतं.

ताई : साचेल, पण तोवर दोन-चार रिब तडकतील. आणि हे आपण बांधलेलं नाही, काका. कुठला सांधा कसा चिकटवलाय ते तुम्हालाही माहीत नाही. रिब एकवेळ सोडा, मला भीती तुम्ही स्पारमधल्या उभ्या जाळीला हात लावाल याची आहे.

काका : वरच्या आणि खालच्या पट्टीमधला तो बाल्सा? तो तर नुसता भराव.

ताई : भराव नाही हो! खऱ्या विमानासारखे आपले स्ट्रट कामाचे आहेत, शोभेचे नाहीत, हे तुम्हीच ठरवलंत ना? मग हिशेब ऐका. साडेनऊ किलोंचं विमान झटका देऊन वर ओढलं, चौपट भार आला, म्हणजे ३८ किलो. एका पंखावर १९. ती उचल मुळापासून साधारण पासष्ट सेंटिमीटरवर, जवळपास जिथे स्ट्रट धरलाय तिथेच. स्ट्रट तिथून फ्युजलाजच्या तळाला येतो, खोली अठ्ठावीस सेंटिमीटर. कोन इतका चपटा आहे की १९ किलो उचलीसाठी स्ट्रटमध्ये ४८ किलोंचा ताण येतो. आणि तो स्ट्रट पंखाला मुळाकडे दाबतो, ४४ किलोंनी. म्हणजे मुळाकडचा स्पार वाकत नाही, चेपला जातो. चेपल्या जाणाऱ्या दोन पातळ पट्ट्यांना बाजूला फुगू न देणं हेच त्या उभ्या जाळीचं काम आहे. तिच्यात भोक पाडलंत तर पंख मिटेल.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी टॉर्च घेतला, डावा पंख खिडकीशी नेला आणि स्ट्रट जिथे बसतो तो ठोकळा दोन बोटांनी हलवून पाहिला. ठोकळा हलला. अगदी थोडा, पण हलला. ४८ किलोंचा ताण ज्या सांध्यावर येणार तो सांधा सुटलेला होता. करवत मागे गेली. काकांनी तिथे दोन्ही बाजूंनी बर्च प्लायचे तुकडे बसवले. अठरा ग्रॅम वाढले, आणि वजन कमी करायच्या त्या मोहिमेतला पहिला प्रत्यक्ष बदल हा असा वाढीचा झाला. त्यानंतर संध्याकाळभर दोघं मिळून प्रत्येक सांधा पिळून, टिचकी मारून, कान लावून तपासत होती. अर्धवट सांगाडा दुसऱ्याकडून घेणाऱ्याने हे काम टाळू नये, एवढं मी मध्येच सांगून ठेवतो. बाल्सावर अ‍ॅराल्डाईटचे ढीग दिसले म्हणजे सांधा पक्का असं नाही. उलट, ज्याचा सांधा नीट जुळला नाही तोच फट भरायला ढीग ओततो.

काका : बरं, मग तुझ्या मते कुठे हात घालायचा? ढीग खरवडू?

ताई : नको. खरवडताना त्याच्याबरोबर लाकूड येईल. फ्युजलाज आहे तसं राहू दे. काका, हे शेपटीचं वजन बघा. टेलप्लेन, एलेव्हेटर, फिन, रडर मिळून ५६० ग्रॅम. सगळं दहा मिलिमीटरच्या भरीव फळीचं, कडेला प्लाय. हे टाकून द्या. नवी बांधा, पट्ट्यांची, तिरकस आधार देऊन.

काका : टाकून देऊ? आणि मघाशी पंचेचाळीस ग्रॅमवरून माझी अक्कल काढलीस!

ताई : कारण ते पंचेचाळीस पंखात होते. तोलाच्या बिंदूपाशी. शेपटी तिथून पंच्याण्णव सेंटिमीटर मागे आहे. इंजिन पुढे किती? चाळीस. शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात जवळजवळ अडीच ग्रॅम लागतात.

खरं तर इथे वाद संपायला हवा होता. पण ताईने ५५ सीसीचं इंजिन का धरलं होतं, ते आता बाहेर आलं. ताकदीसाठी नव्हेच. तिने तोल आधीच काढून पाहिला होता. त्या जड शेपटीसमोर ३५ सीसीचं इंजिन लावलं तर विमान मागे झुकतं, मग नाकात शिसं भरावं लागतं. शिसं भरण्यापेक्षा तेवढंच वजन इंजिनाच्या रूपात न्यावं, म्हणजे ताकद तरी मिळते, असा तिचा विचार. चुकीचा अजिबात नाही. मोठ्या मॉडेलवाल्यांत पुष्कळ जण हेच करतात. काकांनी तो विचार उलटा फिरवला.

काका : म्हणजे शेपटी जड म्हणून इंजिन मोठं. मग शेपटीच हलकी केली तर?

ताई : किती हलकी होईल?

काका : माझ्या हातची? तीनशे दहा ग्रॅम. पण बाल्सा मी निवडणार. एकाच दुकानातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या फळ्यांत एक घनमीटरला शंभर किलोंची असते आणि दुसरी अडीचशेची. काटा घेऊन दुकानात जायचं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

ताई : तीनशे दहा. म्हणजे अडीचशे ग्रॅम गेले. अडीचशे गुणिले पंच्याण्णव… तेवीस हजार साडेसातशे. ३५ सीसीचा सगळा सेट सहाशे ग्रॅमने हलका. सहाशे गुणिले चाळीस, चोवीस हजार.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून एकाच वेळी माप उचलावं तसं झालं. शेपटीतून पाव किलो काढल्यामुळे नाकातून सहाशे ग्रॅम काढता येतात, काटा जागचा हलत नाही, शिसं लागत नाही, आणि साडेआठशे ग्रॅम एकदम जातात. साडेनऊ किलोंच्या संथ शिकाऊ विमानाला ३५ सीसी पुरेसं आहे. विमानाला पळायचं नाहीच.

माझ्या मते सगळ्या चर्चेतली किमतीची गोष्ट ही. एकट्या शेपटीचा किंवा एकट्या इंजिनाचा विचार केला असता तर ती हाती लागली नसती. शेपटी वेगळी धरली तर पाव किलो म्हणजे दोन-अडीच टक्के, एवढ्यासाठी तयार झालेला भाग कोण मोडतो? इंजिन वेगळं धरलं तर लहान इंजिन म्हणजे शिसं, फायदा शून्य.

एक धोका ताईने नोंदवला. हलकी शेपटी कापड ताणल्यावर पिळते, म्हणून तिरकस पट्ट्यांत कंजुषी नको आणि कापड दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, आलटून पालटून ताणायचं. काकांनी मान हलवली. हे त्यांना खऱ्या विमानावरून ठाऊक होतं.

एलेव्हेटरच्या सर्व्होंवरून मात्र जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

ताई : दोन सर्व्हो, शेपटीतच. प्रत्येक बाजूच्या एलेव्हेटरला स्वतंत्र. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर विमान उतरतं.

काका : साठ-साठ ग्रॅमचे दोन, शेपटीत? आत्ताच काय शिकवलंस मला?

ताई : सुरक्षिततेसाठी देते मी तेवढं वजन.

काका : दोन्ही सर्व्हो सीटखाली ठेव आणि तारेने ओढ. दोन्हीकडून ओढणारी बंद तार, मोठ्या विमानात असते तशी. तार किती ग्रॅमची?

ताई : तार उन्हात सैल पडते. सैल पडली की एलेव्हेटर फडफडायला लागतं, आणि एकदा फडफड सुरू झाली की दोन सेकंदांत शेपटी वेगळी आणि विमान वेगळं. हवं तर सीटखालून कार्बन ट्यूबचा दांडा टाका, तो ताणत नाही.

काका : रडरला तार, एलेव्हेटरला तुझा दांडा. सध्या.

हे ‘सध्या’ दोघांनीही आपापल्या बाजूने लावून घेतलं आहे. मी ताईच्या बाजूचा आहे. एलेव्हेटरच्या बाबतीत वजनाचं ऐकू नये.

कापडाची गोष्ट थोडक्यात उरकता आली असती, पण डोपचा विषय निघाल्यावर काकांना आवरणं कठीण. खऱ्या पुष्पकाचं कापड डोप मारून ताणलेलं असे आणि तो वास त्यांच्या तरुणपणाचा वास आहे.

काका : चांगलं पॉलिएस्टर कापड, त्यावर डोप, मग प्रायमर, मग रंग. हुबेहूब.

ताई : हुबेहूब कसं? धागा चौपट जाडा दिसणार. चौथ्या हिश्श्याच्या विमानावर कापडाची वीणसुद्धा चौथा हिस्सा हवी. आणि वजन? कापड दर चौरस मीटरला शंभर ग्रॅम आणि तुमचे थर दीडशे ग्रॅम. पंखांच्या दोन्ही बाजू, फ्युजलाज, शेपटी मिळून साडेतीन चौरस मीटर. हेच ते नऊशे.

काका : मग काय, नंगं उडवू?

ताई : सत्तर ग्रॅमचं बारीक विणीचं कापड, त्यावर दोन पातळ हात, साठ ग्रॅम. चारशे वीस वाचले. आणि शेपटीवरही कमी बसलं.

काका : रंग पारदर्शक दिसेल. ऊन पलीकडून येईल.

ताई : खऱ्या विमानात येत नव्हतं?

काका : …येत होतं. संध्याकाळी उतरताना रिब मोजता यायच्या.

यावर ताईने काही म्हणायची गरज राहिली नाही. क्लबात विमानाला नव्याने रंग दिला की पुन्हा वजन आणि तोल काढून नोंदवहीत लिहावा लागे, हे नंतर काकांनीच सांगितलं. रंगाला वजन असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

बाकीचं पटापट झालं. भरीव रबरी चाकांऐवजी हलकी, शंभर ग्रॅम कमी. डावा पंख उजव्यापेक्षा साठ ग्रॅमने जड निघाला. उजव्या टोकाशी तीस ग्रॅम ठेवले की भागतं, कारण टोक दुप्पट लांब आहे. पायलट बाहुला ताईला नको होता. काकांनी तो ठेवला, आत थर्मोकोल भरून. बिनमाणसाचं पुष्पक उडवणार नाही म्हणाले, आणि या एका मुद्द्यावर त्यांनी वजनाचं काहीही ऐकून घेतलं नाही. अशा विमानात नेमका हाच भाग हिशेबाबाहेरचा असावा, असं मलाही वाटतं.

नवी बेरीज ९ किलो ६८० ग्रॅमची होते, स्ट्रटच्या ठोकळ्याला लावलेले अठरा आणि उजव्या टोकाचे तीस ग्रॅम धरून. भिंतीवरचं साडेनऊ काकांनी पुसलेलं नाही. उरलेल्या एकशे ऐंशी ग्रॅमसाठी रिबना भोकं पाडायला ताईने सक्त मनाई करून ठेवली आहे आणि पुण्याला जाताना गोल करवत बरोबर नेली आहे.

शेपटी गेल्या आठवड्यात पुरी झाली. ३१० म्हटली होती, ३१६ भरली. सांगाडा आता चार किलोंच्या आत आहे आणि मागणी ३५ सीसीच्या इंजिनाची गेली आहे. ते आलं की लगेच स्क्रू लावायचे नाहीत, असं ठरलं आहे. इंजिन, टाकी, बॅटऱ्या, सर्व्हो सगळं आधी चिकटपट्टीने जागच्या जागी लटकवायचं, पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहायचा आणि मगच एकेक वस्तू पक्की करायची. बॅटऱ्यांची जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवायची, कारण तोल थोडा चुकला तर बॅटरी पुढे-मागे सरकवता येते आणि शिसं टळतं. तुमच्याही माळ्यावर असा कुणाचा अर्धवट सांगाडा पडून असेल, तर इंजिनाचा भाव विचारायला जाण्याआधी त्याची शेपटी उतरवा आणि तिचं वजन करा.